रेडिओवाल्या मामांना जाहीर पत्र

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं, ये चहाला" म्हणून फोन ठेवला असता. दुकानात येऊन मानले असते तर सोल्डरिंगची तार हातात देऊन "हे धर जरा" म्हणाला असता. म्हणून चारचौघांत लिहिते. तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता मुद्दामच देत नाही. परभणीत ज्यांनी तुमच्याकडून रेडिओ दुरुस्त करून घेतलाय, त्यांना 'मामा' म्हटलं की पुरे.

बाबांचा रेडिओ न्यायला आले होते तेव्हा तुमच्याकडे एका जुन्या हिंदी गाण्याची धून चालू होती आणि हे कोणतं वाद्य म्हणून मी विचारलं. ती हवाईयन गिटार, म्हणजेच स्टील गिटार: तारा बोटांनी न दाबता त्यांच्यावर स्टीलचा बार फिरवून वाजवायची. तुम्ही तिथल्या तिथं वादकांची दहा नावं तोंडावर फेकली असती, तर घरी जाऊन मी एकही ऐकलं नसतं. तुम्ही उलट मलाच विचारलंत, "घरी काय ऐकता?" बाबा भजनी मंडळात आहेत, आईला लता नि तलत लागतात, मला काहीही चालतं, असं मी सांगितलं. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग अमेरिका सध्या लांबच ठेव माय. आधी सुनील गांगुली. तुला तोंडपाठ असलेलं गाणं घे, आणि शब्द कुठं कुठं आपसूक ओठांवर येतात ते बघ." जाणकार माणसं सहसा आपल्याला काय आवडतं तिथून सुरुवात करतात. तुम्ही मला काय येतं तिथून केलीत. हे पत्र त्याबद्दल आहे, बाकीचं सगळं त्याच्या मागून आलं.

मी जिंतूरला अप-डाऊन करते. सकाळच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली की कानात इअरफोन, आणि झरी यायच्या आत पहिली धून संपलेली असायची. कोलकात्याच्या सुनील गांगुलींनी एचएमव्हीसाठी सिनेगीतं आणि गझला भरपूर वाजवून ठेवल्यात. त्यांचं वाजवणं दिसायला अगदी साधं आहे. गाण्यात लता जिथं श्वास घेते तिथं हेही थांबतात, आणि एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना सूर तुटत नाही. व्हॅन शिप्ले पण ऐकले. लखनौचा माणूस, व्हायोलिनही तितकंच हुकमी. मजा येते, पण त्यांच्या मागचा ताल सारखा खांद्यावर टपल्या मारतो, सलग चार धुनी झाल्या की मी बंद करते. तुम्हाला हे पटणार नाही, ठाऊक आहे. काझी अनिरुद्धांबद्दल मात्र आपलं एकमत आहे. बंगाली कवी काझी नज़रुल इस्लाम यांचा हा मुलगा. बापाची गाणी गिटारवर वाजवताना तो एक स्वरही जास्तीचा घालत नाही. मला बंगाली येत नाही, तरी कडवं कुठं संपलं ते कळतं.

आणि मग ती दुपार. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तुम्ही जुन्या टीव्हीच्या खोक्यांमागून ती गिटार काढलीत. ऑर्केस्ट्रात वाजवायचात त्या काळातली. गळ्याच्या टोकाशी तारा जिथं टेकतात तिथं पट्टी घालून त्या इतक्या उचललेल्या की खालून पेन्सिल आरपार जाईल. अंगठ्याला आणि दोन बोटांना तार छेडायचे पिक चढवलेत, डाव्या हातात तो गुळगुळीत स्टीलचा बार. "दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं." बार पडद्याच्या, म्हणजे गळ्यावरच्या आडव्या पट्टीच्या, रेघेच्या बरोबर वर हवा. सुताइतका मागं राहिला की सूर उतरलाच. सा वाजवलात आणि बार न उचलता ग पर्यंत नेलात. मग मला म्हणालात, माझ्या मागच्या बोटांकडे बघ. बारच्या मागं उरलेली बोटं तारांवर हलकी टेकलेली होती. ती उचललीत आणि तेच पुन्हा वाजवलंत, तर तारेची नुसती खरखर. स्वच्छ आवाजामागं ही बोटं काम करतात हे कुठल्याच रेकॉर्डिंगवर दिसत नाही. तेव्हापासून कुणाचंही वाजवणं ऐकताना मला आधी ती बोटं आठवतात.

ब्रिजभूषण काबरांकडे तुम्ही मला पाठवलंत ते त्या दुपारनंतर, आधी नाही. 'कॉल ऑफ द व्हॅली' आमच्या घरात होतीच. १९६७ ची ती तबकडी कुणाच्या घरात नसते? पण आम्ही ती शिवकुमार शर्मांच्या संतूरसाठी आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसाठी ऐकायचो. तुम्ही म्हणालात, "ह्या खेपेला तिसऱ्याकडं कान दे." तिसरे म्हणजे काबरा. जोधपूरचे, सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँचे शिष्य, आणि हवाईचं हे वाद्य आलाप-जोडापर्यंत, म्हणजे तबला सुरू होण्याआधीच्या रागविस्तारापर्यंत, नेऊन बसवणारे. गिटारला पडदे असले तरी बार त्यांना शिवत नाही, त्यामुळं दोन पडद्यांमधल्या जागाही मोकळ्या राहतात. अहिर भैरवातला कोमल रिषभ जिथं हवा तिथं ठेवता येतो. तबकडीभर गिटार गर्दी करत नाही. बासरी बाजूला झाली की तिच्या जागी येते, आणि संतूरचा झणत्कार विरला की तोच सूर लांबवून धरते. माणिकराव पोपटकरांचा तबलाही मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "हे तर वीणेसारखं आहे." आणि पेटी काढून बसले.

काबरांच्या शिष्याचं, देबाशिष भट्टाचार्यांचं, 'कलकत्ता स्लाइड-गिटार' हे रेकॉर्डिंग तुम्हाला आवडतं त्यापेक्षा मला जास्त आवडतं, हेही इथंच सांगून टाकते. २००५ चं आहे. चतुरंगी, गंधर्वी, आनंदी अशी आपली वाद्यं त्यांनी स्वतः बनवून घेतली. तुमचं म्हणणं असं की एवढ्या वेगात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, बुजते. मला ती बुजलेली वाटत नाही. द्रुत सुरू होण्याआधीचा आलाप पुन्हा एकदा ऐका, मग भांडू. अमेरिकन गिटारवादक बॉब ब्रोझमनसोबतचं 'महिमा' मात्र पाहुणे आल्यावर लावायला चांगलं, एकटीनं ऐकायला नको.

'अ मीटिंग बाय द रिव्हर' बद्दल तुम्ही नाक मुरडलंत. विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांची तबकडी, १९९३, ग्रॅमी मिळालेली. मला वाटतं गाजलेल्या गोष्टीवर तुमचा जो जुना राग आहे त्यातला हा प्रकार. भट्टांच्या मोहनवीणेला, म्हणजे त्यांनी बदलून घेतलेल्या गिटारला, तरफेच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा आहेत, त्यामुळं तिचा सूर सोडल्यावरही मागं काहीतरी रेंगाळत राहतं. कूडरची गिटार तशी नाही, ती बोलून गप्प होते. चारही तुकड्यांत हा फरक ऐकू येतो. शेवटचा 'ईसा लेई' तेवढा ऐका. फिजीतलं निरोपाचं गाणं आहे, दोघंही त्यात काही सिद्ध करायला जात नाहीत.

मग तुम्ही हवाई काढलंत, सगळ्यात शेवटी. जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोरानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं तारांवर लोखंड फिरवून पाहिलं, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत त्याचं वेड पसरलं, आणि हवाईची मंडळी फिरत फिरत कोलकात्यापर्यंत आली. ताऊ मो यांचं कुटुंब चाळीसच्या दशकात तिथं राहिलेलंच आहे. हवाईचा वादक सोल हूपी ऐकायचा तो मात्र एसटीत नको. जुन्या तबकड्यांची खरखर आणि गाडीचा खडखडाट एकमेकांत मिसळतात. घरी, रात्री. त्याला भलती घाई असते, पण बार एकदाही चुकीच्या जागी पडत नाही. सांटो आणि जॉनी ह्या भावांचं १९५९ चं 'स्लीप वॉक' दोनअडीच मिनिटांचं आहे, आणि तेवढंच पुरतं. पायानं दाबायच्या पेडलची गिटार ही पुढची गोष्ट. त्यासाठी १९५४ चं 'स्लोली' हे अमेरिकन गाणं ऐक म्हणालात, बड आयझॅक्सचं वादन. तार छेडून झाल्यावर आतल्या आत सूर वर सरकतो, बार जागचा हलत नाही. गायकी म्हणून मला ते पोचलं नाही, कारागिरी म्हणून पोचलं.

आता तुमच्यासाठी माझ्याकडून दोन. नायजेरियाच्या किंग सनी अडेचं 'जुजू म्युझिक', १९८२. ढोलांच्या गर्दीत डेमोला अडेपोजूंची पेडल स्टील वाजते आणि एकदम वाटतं की कुणीतरी खिडकी उघडली. दुसरं, ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७ चं 'डार्क वॉज द नाइट'. ही स्टील गिटार नाही, नेहमीच्या गिटारवर घासून वाजवलंय, तुम्ही लगेच हरकत घ्याल. घ्या. पण १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांसोबत जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यावर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे तुम्ही मला अभिमानानं सांगितलं होतंत. त्याच तबकडीवर हाही आहे. शब्द गात नाही, नुसता गुणगुणतो, आणि तार त्याच्या मागून जाते. केसरबाईंचा शेजार त्याला शोभतो की नाही ते ऐकून सांगा.

पुढच्या शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. कपाटातल्या काझी अनिरुद्धांच्या कॅसेटी बाजूला काढून ठेवा, परत आणून देईन. बाबांच्या टेपचा बेल्ट सैल झालाय, तोही सोबत आणते. ह्या खेपेला दुरुस्तीचे पैसे घ्यायचे, नाहीतर मी मामींकडे देऊन जाईन.

आपली,
जिंतूरच्या गाडीनं अप-डाऊन करणारी भाची