अनुशेष मोजणारी माणसे

संपादक महोदय,

विदर्भातल्या सिंचनाचा विषय निघाला की ‘अनुशेष’, म्हणजे इतर भागांच्या तुलनेत मागे राहिलेल्या विकासाची तूट, हा शब्द आपल्या तोंडी आपसूक येतो. हा अनुशेष आकड्यांत मांडला तो १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने. समितीचे अध्यक्ष वि. म. दांडेकर हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे माजी संचालक. आपले गाऱ्हाणे मोजून दाखवणारा माणूस अशा अभ्याससंस्थेतून आला, हे मला फार मोलाचे वाटते.

गेल्या आठवड्यात नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरी पाहणीसाठी एक मुलगी आली होती. महिन्याला तूरडाळ किती लागते, दवाखान्यावर किती खर्च झाला, उसने कोणाकडून घेतले, सगळे शांतपणे विचारत होती. डाळ विकतची की घरच्या शेतातली, हेही तिने वेगळे लिहून घेतले. शेजाऱ्यांनी मात्र तिला भर उन्हात दारातूनच परत पाठवले. जीव हळहळला. अहो, आकडे अशाच दारांतून गोळा होतात!

कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरांचा जमाखर्च वर्षानुवर्षे नोंदवणाऱ्या, कोणाच्या दबावाखाली नसलेल्या संशोधनाला नागपुरातल्या दानशूरांनी बळ द्यावे. आणि त्याचे अहवाल मराठीत निघावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, महाल, नागपूर