तुझा रेझ्युमे मी नोटपॅडमध्ये टाकून पाहिला

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, चाळीस ठिकाणी अर्ज केले, एकाचाही फोन नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे." त्या रात्री मला झोप लागली नाही. काल दुकान बंद केल्यावर तू पाठवलेली पीडीएफ उघडली. दिसायला सुरेख आहे. डावीकडे निळा पट्टा, तुझा फोटो, प्रत्येक कौशल्यापुढे चांदण्या.

मग सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केला. जे उतरलं ते बघून पोटात कालवलं. दोन्ही रकाने एकमेकांत घुसलेले: 'क्वालिटी इंजिनीअर मराठी हिंदी चाकण पोहणे २०२२'. चांदण्यांच्या जागी नुसते चौकोन.

तुला आठवत असेल, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली लग्नपत्रिका गिऱ्हाइकाला ईमेल केली की त्याच्याकडे इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसायचा. मराठी फक्त फॉन्टपुरती होती, आत साठवलेले कोड इंग्रजी अक्षरांचे. मराठी अक्षरांना स्वतःचे कोड देणारं युनिकोड आलं तेव्हा कुठे सुटलो. तुझ्या अर्जांचंही तसंच झालं असणार. कंपनीचं अर्ज छाननीचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा पानाची मांडणी नीट बघत नाही. ते आतला मजकूर उचलतं आणि नाव, शिक्षण, अनुभव, तारखा अशा खणांत भरतं. मग एचआरवाले त्या साठ्यात शब्द टाकून शोधतात. खणच चुकीचे भरले असतील तर तुझं नाव त्यांच्यासमोर येणारच कसं? तुझं काम कुणी वाचून नाकारलं, असं मला वाटत नाही. ते वाचलंच गेलं नसावं.

म्हणून एकच रकाना ठेव. तक्ते, टेक्स्ट बॉक्स, चांदण्या, फोटो काढून टाक. मथळे साधे, 'अनुभव', 'शिक्षण' असे, अर्थात इंग्रजीत. वर्डच्या फाइलमध्ये तुझा फोन नंबर हेडरमध्ये आहे आणि काही सॉफ्टवेअर हेडर वाचतच नाहीत. तो खाली मुख्य मजकुरात घे.

दुसरं शब्दांचं. तू अर्ज केलेल्या एका जाहिरातीत 'पीपीएपी' मागितलं होतं. ते काम तू दोन वर्षं केलंस, रात्री अकरापर्यंत फायली तयार करत बसायचीस, आणि रेझ्युमेत लिहिलंस काय, तर 'नवीन पार्टच्या मंजुरीची कागदपत्रे'. शोधणारा 'पीपीएपी' टाकणार, मग तू सापडायची कशी? एकदा पूर्ण नाव लिही, 'प्रॉडक्शन पार्ट अप्रूव्हल प्रोसेस', आणि शेजारी लघुरूप. सीएमएम (मोजमापाचं यंत्र), एफएमईए (बिघाड कुठे होऊ शकतो याचा आधीच केलेला अभ्यास) यांचंही तसंच कर. प्रत्येक अर्जाआधी जाहिरात वाचून बघ, त्यांनी कोणता शब्द वापरलाय.

पण जे केलं नाहीस ते लिहू नकोस. पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवायचे, अशी युक्ती तुझ्या मैत्रिणीने सांगितली म्हणालीस. ते करू नकोस, मनू. मजकूर वेगळा काढला की पांढरं-काळं काही राहत नाही, सगळं उघडं दिसतं. मी तर ते नोटपॅडमध्येही पकडलं असतं.

फॉर्ममधल्या नोटीस पीरियडच्या, बदलीच्या प्रश्नांना घाईत उत्तर देऊ नकोस. तिथे एका चुकीच्या 'नाही'वर अर्ज बाजूला पडू शकतो.

नंबर खाली घेतलास की फाइल पाठव. कितीही उशीर झाला तरी चालेल, मी पुन्हा नोटपॅडमध्ये टाकून बघतो.

तुझे,
बाबा