"बाटली फेकली का?" असं विचारणाऱ्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या टेक्निशियन काकांना

काका,

पेशंटचे नातेवाईक आधीच्या लॅबचा बायोप्सीचा रिपोर्ट आणि ब्लॉक (तुकडे बसवलेली मेणाची वडी) घेऊन आले, तेव्हा तुम्ही रिपोर्ट वाचलाच नाहीत. आधी विचारलंत, "बाटली फेकली का?" तुकडे ज्यातून आले ती बाटली पिशवीतच होती. झाकण उलटं करून तुम्ही आट्यांवर ड्रॉपरने फॉर्मलिन (तुकडे टिकवायचं द्रावण) सोडलंत, खाली फिल्टर पेपर धरलात. दीड मिलिमीटरचा पांढुरका कण त्यावर उतरला. स्कोपीच्या (दुर्बिणीच्या तपासणीच्या) फॉर्मवर तुकडे ३ लिहिले होते, त्या लॅबने २ मोजले आणि पुढे गेले. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांतून बाटल्या पिशवीत आडव्या होऊनच येतात, तुकडा झाकणाला चिकटणारच. हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं का?

त्या दोन तुकड्यांचं काय झालं, तेही ब्लॉक सांगत होता. रंग न लावलेला तुकडा प्रोसेसिंगनंतर (पाणी काढून मेण भरल्यावर) मेणात दिसेनासा होतो. एक वर बसला, एक खाली. खालचा गाठायला १५-२० मायक्रॉनच्या जाड कापांनी तासत गेले, वरचा भुशात गेला, आणि खालच्याचीही कड तेवढी उरली. रिपोर्ट काय, तर "टिश्यू अपुरा". अपुरा कसला, यांनीच किसला!

तुम्ही कण मेणात दिसावा म्हणून इओसिन या गुलाबी रंगाचा एक थेंब टाकलात, कण ओल्या फिल्टर पेपरात गुंडाळलात. स्पंज नाही, त्याच्या दाबाने तिकोनी भोकं पडतात. प्रोसेसिंग मशीनच्या रात्रभराच्या मोठ्या रनमध्येही घातला नाहीत. अल्कोहोल-झायलीनमध्ये जास्त राहिला तर ब्लेडखाली तडकतो. मे महिन्यातलं नागपूर, कूलर असून मेण मऊ, म्हणून ब्लॉक पुन्हापुन्हा बर्फावर. काप सुरुवातीपासून ४ मायक्रॉनचेच. काप तरंगवायचा वॉटर बाथ आधी टिश्यू पेपरने पुसून घेतलात. एवढ्याशा कणाशेजारी दुसऱ्याच पेशंटची पेशी तरंगत आली तर निदानच फिरतं.

आणि कुणी न मागता मधल्या काही स्लाइड बिनरंगाच्या ठेवल्यात. इम्युनो (निदानासाठीची खास रंगचाचणी) त्यांच्यावरच झालं. ब्लॉक परत मशीनला लावला असता तर पातळी जुळवतानाच उरलेला संपला असता.

दुसरी स्कोपी टळली, काका. रिपोर्टवर सही आम्हा डॉक्टरांची असते, त्यामुळे घरच्यांनी हात जोडले ते आमच्यापुढे. ते नमस्कार तुमचे आहेत, इथे पोचवतो.

फॉर्मवर तुम्ही पेन्सिलने लिहिलंत, "तुकडे ३, पैकी १ झाकणात." कुणाला दोष नाही, स्वतःचं कौतुक नाही. पेशंटचं नाव कापून तो कागद ग्रॉसिंगच्या (आलेले तुकडे बघून मोजायच्या) टेबलासमोर चिकटवला आहे. नवी पोरं आता आधी झाकण बघतात.