आई, इथं ब्रेड म्हणजे काय काय असतं

ती. आई आणि आप्पा,
शि. सा. न.

पत्राला उशीर झाला, सलग चार नाइट होत्या. तब्येत ठीक आहे, थंडी खूप आहे पण खोलीत हीटर आहे, काळजी करू नका.

आज एका शब्दाबद्दल लिहायचंय, ब्रेड. एवढाच शब्द, पण गेले पंधरा दिवस डोक्यातनं जात नाहीये.

वॉर्डात एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, लंडनच्या ईस्ट एंड भागातले, आयुष्यभर बाजारात फळांचा गाडा लावलेला माणूस. सकाळी गोळ्या द्यायला गेले तर म्हणाले, पोरी, ख्रिसमसपर्यंत मी ब्राउन ब्रेड. मला वाटलं नाश्त्याला पाहिजे, म्हणलं आज पांढराच आलाय, थांबा बघते, आणि किचनमधनं दोन स्लाइस भाजून बटर लावून घेऊन गेले. त्यांनी प्लेटकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि माझा हात धरून ठेवला. शेजारच्या बेडवरच्यांनी सांगितलं, ब्राउन ब्रेडचं यमक डेडशी जुळतं, म्हणजे मेलेला. आई, पोटात गोळाच आला गं, माणूस स्वतःच्या मरणाचं बोलत होता आणि मी टोस्ट घेऊन उभी. त्यांनी मात्र दोन्ही स्लाइस खाल्ले, कडा पण ठेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासनं गोळ्यांच्या वेळेला मला एक एक शब्द शिकवायला लागले.

याला ऱ्हायमिंग स्लँग म्हणतात, ईस्ट एंडच्या कॉकनी लोकांची बोली. एखादा शब्द घ्यायचा, त्याला यमक जुळणारी जोडी शोधायची आणि मग बऱ्याचदा यमकाचा शब्दच गाळून टाकायचा! म्हणजे मनी म्हणजे पैसे, त्याला जुळतं ब्रेड अँड हनी, त्यातलं हनी गेलं, उरला ब्रेड, म्हणजे पैसे. हेडला जुळतं लोफ ऑफ ब्रेड, म्हणजे अख्खा पाव, म्हणून यूज युअर लोफ म्हणजे डोकं चालव. बाहेरच्याला कळणार कसं, कळण्याचा धागाच कापून टाकलेला असतो. ओईटीची, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठी असते ती इंग्रजीची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले मी, पण त्यात यातलं काही नव्हतं, आणि पेशंट काय बोलतोय ते कळणं हेच तर नर्सचं अर्धं काम आहे. १८५९ साली जॉन कॅम्डन हॉटन नावाच्या माणसानं स्लँगचा शब्दकोश काढला त्यात ही बोली आहे, म्हणजे तेव्हाच ती चांगली रुळलेली होती, रस्त्यावर माल विकणारे, गाडेवाले यांच्यात.

मग मी सुट्टीच्या दिवशी लायब्ररीत जाऊन मोठी डिक्शनरी काढून बसले. आई, हे तुला नक्की आवडेल. जुन्या इंग्रजीत भाकरीला म्हणजे ब्रेडला लोफचाच जुना शब्द होता, ह्लाफ. ब्रेड या शब्दाचा मूळ अर्थ तुकडा असावा असं बरेच जाणकार मानतात. तुकडा! मला लगेच दारात तू ओवाळून टाकतेस तो भाकरतुकडा आठवला. आणि लॉर्ड हा शब्द आला ह्लाफवेअर्डपासून, म्हणजे भाकरी राखणारा, आणि लेडी म्हणजे कणीक मळणारी. एवढा मोठा मानाचा शब्द, पण मुळात पीठ मळणारी बाई! पहाटे परातीत जोंधळ्याचं पीठ मळताना तुझे हात कोपरापर्यंत पांढरे झालेले असतात ना, तेच डोळ्यापुढं आलं.

आपल्याकडं पण असंच की. भाकरी म्हणजे नोकरी, भाकरी म्हणजे पोट, पोरगा भाकरीच्या मागं पुण्याला गेला म्हणतोच आपण. आणि आपला पाव तर पोर्तुगीजांकडनं आलेला शब्द. पैशाला ब्रेड म्हणतात हे आपल्या माणसाला समजवावं लागणार नाही.

आजोबांना एक गोष्ट लागून राहिली होती. लंडनच्या चीपसाइड रस्त्यावरच्या सेंट मेरी ल बो चर्चच्या घंटा ऐकू येतील एवढ्या अंतरात जन्मला तोच खरा कॉकनी अशी जुनी समजूत आहे, पण त्या घंटा १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात गेल्या आणि परत वाजल्या त्या १९६१ मध्ये, आणि यांचा जन्म नेमका त्या मधल्या काळातला. मला म्हणाले, घंटा नव्हती म्हणून मी इथला नाही का? मला काय बोलावं सुचेना, मी म्हणलं, तुम्ही बोलता ना ही भाषा, मग इथलेच. हे मी मनापासनं म्हणलं, आणि मला ते खरंच पटतं.

मागच्या बुधवारी त्यांना घरी सोडलं. जाताना म्हणाले, अजून ब्राउन ब्रेड नाही झालो बरं का, आणि या वेळी मला कळलं.

आप्पा, तुम्हाला एक काम. सांगोल्याच्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे आणि तोंडानं भलतंच बोलायचे, ते तुम्ही लहानपणी दाखवलं होतं. त्यांचे आकड्यांचे खास शब्द होते ना? आठवतील तेवढे आईकडनं वहीत लिहून घ्या आणि फोटो पाठवा, एक पण सोडू नका.

तुमची,
ताई