काळ बदलला की वाक्यच बदलते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी अंकांसाठी कथा मागवल्या जाऊ लागल्या की नवलेखकांना हमखास एक सल्ला मिळतो : वर्तमानकाळात लिहा, प्रसंग डोळ्यांपुढे घडतो. सल्ला खोटा नाही, पण इंग्रजीच्या मापाने बेतलेला आहे. तिथे क्रियापद बदलले की बहुतेक काम भागते. आपल्याकडे भागत नाही.

'सखूने भाकऱ्या थापल्या.' इथे क्रियापद भाकऱ्यांच्या मागे चालते. वर्तमानकाळात 'सखू भाकऱ्या थापते' होते. 'ने' गळतो आणि क्रियापद सखूच्या मागे जाते. म्हणजे कथेचा काळ बदलायचा तर जवळजवळ प्रत्येक सकर्मक वाक्य नव्याने बांधावे लागते. ('म्हणाला', 'विसरला' अशा काही क्रियापदांना कर्म असूनही 'ने' लागत नाही, तेवढीच सुटका.) घाईत 'त्याने बैल सोडतो' असे काहीतरी उरते. संगणकाचा शब्दतपासनीस ते पकडत नाही, कारण सुटे शब्द बरोबरच असतात.

निवेदक 'मी' असेल तर आणखी गंमत. 'मी दार उघडले, कंदील लावला' यात सांगणारा बाई की पुरुष, कळत नाही. 'मी दार उघडतो' म्हटले की पहिल्याच वाक्यात भांडे फुटले. ओळख लपवण्यावर कथा उभी असेल तर वर्तमानकाळ तिचा गळा घोटतो. भूतकाळातही 'गेलो', 'बसले' ही अकर्मक रूपे घात करतात. ती हुडकून काढावीत.

वर्तमानकाळाचा खरा फायदा वेगळाच आहे. आठवण आली की साध्या भूतकाळात उतरता येते, 'होता'ची गरज पडत नाही. मूळ निवेदनच भूतकाळात असेल तर आठवणीच्या पहिल्या एक-दोन वाक्यांना 'गेला होता', 'ठेवले होते' द्यावे आणि पुढे साध्या भूतकाळावर यावे. नाहीतर पानभर 'होता-होती'ची माळ लागते.

ही माळ पहिल्या वाचकांना जाणवते, पण ते तिला तिच्या नावाने ओळखत नाहीत. 'इथे जरा लांबलंय' एवढेच म्हणतात. म्हणून 'कशी वाटली?' विचारूच नये. उत्तर 'छान' येते. चार जणांना छापील प्रत आणि पेन्सिल द्यावी. परत वाचावे लागले तिथे समासात उभी रेघ, लक्ष उडाले तिथे फुली. कारण लिहायचे नाही. मग प्रती शेजारी ठेवाव्यात. एकाच परिच्छेदावर दोघांच्या खुणा आल्या तर आधी तिथली क्रियापदे तपासावीत. एकट्याची खूण बाजूला ठेवली तरी चालते. कुणी उपाय सुचवला तर जागा घ्यावी, औषध आपले आपण शोधावे. चौघांनाही पहिलाच खर्डा देऊन टाकू नये. शेवट माहीत झालेला माणूस पुन्हा त्याच ठिकाणी अडखळत नाही, म्हणून दोन जण सुधारलेल्या प्रतीसाठी राखावेत.

चौघांत एक तरी मराठवाड्याबाहेरचा हवा. 'ती कापूस वेचायलीय' हा आपल्याकडचा चालू वर्तमानकाळ. पुण्याचा वाचक 'वेचायला' म्हणजे 'वेचण्यासाठी' असे धरतो आणि थबकतो. निवेदनात हे रूप घ्यायचे तर पहिल्या ओळीपासून घ्यावे, मधूनच नको. संवादात मात्र त्याने रेघ ओढली म्हणून 'वेचतेय' करू नये. आधी एक वाक्य घालावे, कमरेची ओटी भरत आल्याचे, बोंडाच्या काट्यांनी बोटे ओरबाडल्याचे. मग 'वेचायलीय' त्यालाही कळते.

आपला,
एक मुद्रितशोधक, परभणी