भूक लागली तरच जेवा?

संपादक महोदय, स.न.

'भूक लागली तरच जेवा' हा सल्ला हल्ली सरसकट दिला जातो. मधुमेहींनी तो पाळू नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले, तर रक्तातली साखर प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणे अडखळते. लगेच पाण्यात ३ छोटे चमचे साखर द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग जेवू घालावे. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. ज्येष्ठांची भूक वयानुसार मंदावते, त्यांनाही घड्याळच बरे.

बाकीच्यांनी भुकेचे जरूर ऐकावे. पण भूकही सवयीची असते! घ्रेलिन हे संप्रेरक नेहमीच्या जेवणवेळेआधी वाढते. वेळ रोज बदलली तर हा इशारा बेभरवशाचा होतो. ठाण्याहून मुंबईला जाणारा चाकरमानी दुपारी १ वाजता डबा खातो, घरी पोचतो रात्री ९ला. फलाटावरच्या वड्याला दोष देऊन काय उपयोग? ५च्या सुमारास मूठभर चणे-शेंगदाणे खाल्ले की रात्रीचे ताटही आटोक्यात राहते.

नवी मुंबईतल्या महापे-रबाळेच्या कंपन्यांतील रात्रपाळीत मात्र पहाटे ३ची भूक भरपेट जेवणाने भागवू नये. त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही. मुख्य जेवण पाळीआधी, मध्यरात्री फार तर ताक आणि एखादे उकडलेले अंडे.

— एक आहारतज्ज्ञ, नौपाडा, ठाणे