शनिवारचे दोन तास द्या, आपल्या हायस्कूलच्या पोरांसाठी

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातल्या मराठी हायस्कूलचे माजी विद्यार्थी. जूनमध्ये प्रार्थनेला उभी असताना नववीतली एक पोरगी चक्कर येऊन पडली, सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 7.8, आणि या वयाच्या मुलींचं 12 च्या खाली गेलं की कमीच धरतात. घरच्यांना वाटायचं पोरगी आळशी झालीय. पहाटे उठून घरकाम, चहा-बटर खाऊन रानातनं चालत बसला यायचं आणि पावसात बसचा भरवसा नाही, अंगात ताकद राहणार कुठनं?

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी फुकट मिळते, पण पोरं गुपचूप टाकून देतात, मळमळतं म्हणून, संडासला काळं होतं म्हणून घाबरतात. जेवल्यावर घ्या, वर लगेच चहा नको, काळं होणं नॉर्मल आहे, एवढं शांतपणे सांगणारं कुणीतरी पाहिजे बघा. मुलींच्या टॉयलेटला कडी नाही म्हणून कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग लघवीला जळजळ, आणि ते आईलासुद्धा सांगत नाहीत.

मनातलं तर त्याहून कमी सांगतात. एसएसएलसीचं (दहावीच्या बोर्ड परीक्षेचं) टेन्शन, घरातली भांडणं, आणि गुटखा (शाळेपासनं 100 यार्डात तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे, तरी दप्तरात पुड्या सापडतात). टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकटचा नंबर वर्गात लावलाय, त्यावर मराठीत बोलता येतं, पण चौदा वर्षांचं पोर अनोळखी माणसाला फोन लावायला बिचकतंय. समोर बसून आपल्या भाषेत विचारलं की बोलतंय, हे आम्ही बघितलंय.

म्हणून बेळगाव-खानापुरातल्या मराठी बोलणाऱ्या डॉक्टर, नर्स, कौन्सेलर मंडळींना हात जोडून विनंती, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास या, महिन्यातनं एकदा आलात तरी चालेल, न्यायला गाडी पाठवतो आणि जेवण आमच्याकडं.

पुणे, गोव्यात नोकरीला असलेल्यांनी पैशाची मदत करा. हिमोग्लोबिनचं मशीन, त्याच्या पट्ट्या, टॉयलेटची कडी आणि पाण्याची टाकी, पॅड ठेवायला कपाट, एवढंच घ्यायचंय. पैसे शाळेच्या ऑफिसात द्या आणि पावती घ्याच, खर्चाचा हिशोब दर महिन्याला बोर्डावर लावणार. दिवाळीच्या सुट्टीआधी आठवी ते दहावी सगळ्यांची तपासणी करायचीय, पालकांची संमतीपत्रं गोळा करायला सुरुवात झालीय.